एकसारख्या बाटल्या

"मंजुरीचे कागद घेतलेत न्हवं, मॅडम?" गाडीचं दार उघडून धरत चौगुलेसाहेबांनी विचारलं.

"घेतलेत."

"लेबलची मोठी प्रिंट?"

"तीही घेतलीय."

"मग झालं तर. तुम्ही फक्त ती दाखवायची. जास्त बोलायचं न्हाई. बोलायचं ते मी बोलतो."

मी मान डोलावली आणि फाईल मांडीवर घट्ट धरून बसले. दोन हजार सहा सालचा नोव्हेंबर होता, सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी पंचवीस वर्षांची होते. सांगलीत विश्रामबागेत, एका दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत मी आणि इरफान मुजावर असे दोघं मिळून 'ठसा ग्राफिक्स' चालवत होतो. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात कमर्शियल आर्ट शिकलो होतो. स्टुडिओला दीड वर्ष झालं होतं. संपत्ती म्हणाल तर दोन कॉम्प्युटर, त्यातला एक मूड असला तरच चालणारा, आणि खालून दिवसभर येणारा ड्रिलचा आवाज. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, क्लासची पत्रकं असं करता करता आमच्या हाताला एकदाचं मोठं काम लागलं, ते या चौगुलेसाहेबांचं. कुपवाडला त्यांचा पिकांच्या औषधांचा कारखाना होता, 'पर्णिका' नावाचा. सहा बाटल्यांची नवी लेबलं आम्ही केली होती. बत्तीस अजून व्हायची होती.

त्या सहांपैकी दोन बाटल्यांसाठी आज आम्ही तासगावच्या पुढे एका वाडीवर निघालो होतो. एक बाटली 'जोम', म्हणजे द्राक्षाच्या पानांवर फवारायचं टॉनिक. दुसरी 'निर्मूल', म्हणजे बांधावरचं गवत जाळायचं तणनाशक. चार दिवसांपूर्वी एका बागेत फवारणीच्या टाकीत टॉनिकबरोबर तणनाशकही पडलं होतं.

"बाईनं वतलं," गाडी रस्त्याला लागल्यावर साहेब म्हणाले. "नवरा स्वतः कबूल करतोय बायकोची चूक म्हणून. त्याचं आपल्याबद्दल काय म्हणणं न्हाई. पण तिचा भाऊ आडवा आलाय. म्हणतोय, बाटल्या सारख्या हायत, कंपनीची चूक हाय, कृषी खात्यात अर्ज करतो."

"मग?"

"मग काय, तुम्ही शिकलेल्या, डिप्लोमावाल्या. लेबल तुमच्या हातचं. तुम्ही म्हणालात की नाव ठळक हाय, सगळं नियमात हाय, की विषय संपला. अर्ज गेला की बाजारातला माल अडकतो, मॅडम. ऐन हंगामात." त्यांनी गियर बदलला. "आणि ती बत्तीस लेबलं. सोमवारी पत्र काढतोय मी."

चौगुलेसाहेब दुष्ट होते असं मी आजही म्हणणार नाही. कामगारांना दिवाळीला स्वतः घरी जाऊन मिठाई देणारा माणूस. पण धंदा अडला की चूक कुणाच्या तरी पदरात टाकावी लागते, आणि जी पुढे होऊन नको म्हणणार नाही तिच्या पदरात ती सोपी पडते, एवढं त्यांना कळत होतं.

तासगावात चाकात हवा भरायला गाडी थांबली. मी लांब जाऊन इरफानला फोन लावला.

"पोचलीस?"

"अजून नाही. इरफान, मला काही हे बरं वाटत नाहीये."

"हे बघ, खोटं तर काही बोलायचं नाहीये ना? नाव लिहिलंय. ठळक लिहिलंय. कायद्यात बसतं. कागद दाखव आणि ये."

"आणि ते दुसरं?"

त्याच्या मागे ड्रिल चालू होतं.

"ते दुसरं कुणी विचारलं तर ना," तो म्हणाला. "रेवती, मी पुण्याची नोकरी सोडून आलोय. अब्बा रोज विचारतात, अजून पत्रिकाच छापता का म्हणून. बत्तीस लेबलं म्हणजे आपलं दुकान उभं राहिलं. फक्त हो म्हण आणि ये."

मी फोन ठेवला. त्याचा राग आला नाही. तो जे बोलला तेच मी रात्रभर स्वतःला समजावत होते.

वाडीवर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पत्र्याचं घर, पुढे ओसरी, बाजूला टाकी लावलेला ट्रॅक्टर. ओसरीला एक रेक्झिनची बॅग भरून ठेवलेली होती. तिची चेन गेलेली असावी, कारण वरून परकराची नाडी गुंडाळून गाठ मारली होती. बॅगेशेजारी एक पोरगेलासा दिसणारा माणूस मोटरसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता. हा भाऊ. नाव भारत. आणि खांबाला टेकून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन जी उभी होती, ती मालन. तिशीच्या आतली असेल. आम्ही आलो तरी तिने वर पाहिलं नाही.

तिचा नवरा संपत पुढे आला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"आदी बाग बगा," तो म्हणाला. "मग बोला काय बोलायचं ते."

आम्ही त्याच्या मागून गेलो. छाटणी होऊन बावीस दिवस झाले होते. आजूबाजूच्या ओळींत हिरवीगार कोवळी पानं आणि त्यांच्यात बारीक घड दिसू लागले होते. मध्येच सहा ओळी पिवळ्या. पानं कडेने आत वळली होती, शेंडे लुळे पडले होते. मी हात लावला तर घडाचं देठ तसंच हातात आलं.

"नशीब, पट्टा तुटला ट्रॅक्टरचा," संपत म्हणाला. "न्हाईतर दुसरी टाकी भरायच्या तयारीत हुती ही. आक्खा एकर गेला असता. अकरा वर्सं झाली बाग लावून. पोरीगत सांभाळली."

चौगुलेसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लई वाईट झालं बघा. पण माणूस हाय, चुकतं. तुम्ही तिला फार बोलू नका."

"बोलू नको तर काय करू? सातवी पास हाय म्हणून करून आणली, घरात हिशेबाला कुणीतरी हुईल म्हणून. आणि बाटलीवरचं नाव वाचता आलं न्हाई तिला. माझ्या आयनं सांगितलंय, ह्या हंगामाला ती घरात नको. भाऊ घिऊन चाललाय. पुढचं पुढं बगू."

'पुढचं पुढं बगू' असं ज्या बाईबद्दल म्हणतात तिला बोलावणं यायला किती वर्षं लागतात, ते मी माझ्या मावशीच्या घरी पाहिलं होतं. फाईल धरलेले हात घामाने ओले झाले. हात पुसायला फाईल खाली ठेवावी लागली असती, म्हणून तशीच धरून ठेवली.

ओसरीवर परत आलो. कट्ट्यावर दोन बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. माझ्या बाटल्या. पांढऱ्याशुभ्र, वर एकच हिरवं पान, खाली सुबक अक्षरांत नाव. जुन्या बाटल्या कशा होत्या सांगू? टॉनिकची पिवळी, तिच्यावर लालभडक द्राक्षांचा घड. तणनाशकाची काळी, तिच्यावर जळकं गवत. आम्ही दोघं त्या बघून पोट धरून हसलो होतो. साहेबांना माल परदेशी दिसायला हवा होता, आणि मला सहाही बाटल्या एका घरातल्या दिसायला हव्या होत्या. फरक म्हणून मी तळाशी रंगाची एक पट्टी ठेवली, बोटाच्या नखाएवढ्या रुंदीची. तणनाशकावर कायद्याने विषाची खूण लागते. तीही मी ठेवली, पण पांढऱ्यावर डोळ्यांत खुपते म्हणून बाटलीच्या मागे, बारीक मजकुराच्या शेजारी नेऊन बसवली.

"बगा की दाजी, एकदा नीट बगा," भारत म्हणत होता. "ह्या दोन बाटल्यांत काय फरक हाय? सांगा मला. अंधारात न्हाई, दिवसाढवळ्या."

"नाव वेगळं हाय की!" संपत उसळला. "जोम आनि निर्मूल. ह्यात काय सारखं हाय? वाचता येत न्हाई काय हिला? ए, बोल की. वाचलं न्हाईस तू?"

मालन खांबाचा रंग नखाने खरवडत राहिली.

"चार दिस झालं, हेच इचारतोय," संपत आम्हाला म्हणाला. "तोंड उघडत न्हाई."

चौगुलेसाहेबांनी माझ्याकडे हात केला. मी फाईल उघडून लेबलची मोठी प्रिंट दिली. त्यांनी ती भारतच्या समोर धरली. कागदावर चौपट मोठं केलेलं ते लेबल फार देखणं दिसत होतं. नाव तर असं ठसठशीत, की लांबून वाचावं.

"हे बघा, नाव. हे बघा, वापरायची पद्धत. हे बघा, 'वापरण्यापूर्वी लेबल वाचा'. आणि हा खात्याच्या मंजुरीचा कागद, सही शिक्क्यासकट. आता ह्याच्यापेक्षा कंपनीनं काय करायचं? घरी येऊन वाचून दाखवायचं?"

भारत कागदाकडे बघत राहिला. शिक्का बघितल्यावर त्याचा आवाज खाली गेला. "तसं न्हवं साहेब, पण..."

"पण न्हाई, परंतु न्हाई. ह्या मगदूम मॅडम. ह्यातलं शिक्षण घेतलेल्या. लेबल ह्यांनी केलंय. मॅडम, तुम्हीच सांगा ह्यांना. नाव स्पष्ट लिहिलंय का न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संपत, भारत, साहेब. मालनने मात्र मान तशीच खाली ठेवली होती.

प्रश्न सोपा होता. नाव स्पष्ट लिहिलं होतं. हो म्हटलं असतं तर त्यात तिळाएवढंही खोटं नव्हतं. सोमवारी पत्र आलं असतं, इरफानच्या अब्बांना दाखवायला काहीतरी झालं असतं, आणि ती बॅग मोटरसायकलवर चढली असती. एवढाच हिशेब होता. मी उघडी फाईल बंद केली.

"मॅडम?" साहेब म्हणाले.

"नाव स्पष्ट लिहिलंय," मी म्हणाले.

"ऐकलंत?" साहेब भारतकडे वळले. त्यांनी प्रिंटची गुंडाळी करायला घेतली. भारतने किल्ली मुठीत धरली आणि वाकून बॅग उचलली. मालन खांबापासून सुटी झाली, चपला पायांत घालायला लागली. एका चपलेचा अंगठा तुटला होता, त्यात तिचं बोट नीट बसत नव्हतं. ती परत परत बसवत होती.

"पण मीसुद्धा चुकले होते," मी म्हणाले.

"काय?" साहेब हसले. "कशात चुकलात?"

"बाटली ओळखण्यात. सप्टेंबरमध्ये, हॉटेलात डीलर लोकांचा मेळावा होता. तुम्ही स्टेजवरून म्हणालात, मॅडम, फोटोसाठी जोमची बाटली द्या. टेबलावर सहा बाटल्या होत्या. मी उचलून दिली. फोटो झाला, टाळ्या झाल्या. खाली उतरून मी कॅमेऱ्यात बघितलं तर तुमच्या हातात निर्मूल होती."

तोंड उघडलंच होतं, आता मध्येच थांबणं मला जमलं नसतं.

"तीन महिने मी रोज बारा-बारा तास ती लेबलं केली. एकेक अक्षर माझ्या हातचं. तरी माझा हात चुकला. ह्या ताईंचा चुकला तर त्यात ह्यांची काय चूक?"

"मॅडम, गाडीत बसा," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"त्या रात्री मी इरफानला सांगितलं. दुसऱ्या छपाईला पट्टी रुंद करू, असं आम्ही ठरवलं. तुम्हाला सांगितलं नाही. बत्तीस लेबलं हातची जातील म्हणून. मला माहीत होतं साहेब. दोन महिने माहीत होतं."

चौगुलेसाहेबांचा चेहरा मी त्याआधी आणि नंतरही कधी तसा पाहिला नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रिंटची गुंडाळी माझ्या हातात परत दिली.

"मला एक फोन करता आला न्हाई तुम्हाला?" ते म्हणाले. "एक फोन. मी माल थांबवला नसता काय?"

त्यांनी थांबवला असता की नसता, ते मला आजही ठरवता येत नाही. ते संपतला म्हणाले, "मी उद्या माणूस पाठवतो, बोलू आपण," आणि गाडीत जाऊन बसले. माझ्यासाठी थांबले नाहीत. त्यांच्याबरोबर बत्तीस लेबलंही गेली. पुढे त्यांनी सगळा माल बाजारातून परत बोलावला, जुन्या बाटल्या पुन्हा काढल्या, संपतशीही बोलून मिटवलं, हे मला इतरांकडून कळलं. आम्ही पुढचे आठ महिने मुंजीच्या पत्रिका केल्या, आणि त्यातला पहिला महिना इरफान माझ्याशी कामापुरतंच बोलला.

पण ते नंतरचं. त्या क्षणी गाडीची धूळ अजून खाली बसली नव्हती, आणि संपत माझ्यापुढे येऊन उभा होता.

"दोन म्हैने ठावं हुतं तुमास्नी?"

"हो."

"आनि शिकलेलं म्हणवून घेता?" त्याने कट्ट्यावरची निर्मूलची बाटली उचलली. मला वाटलं, आता अंगावर फेकतोय. मी मागे सरकले नाही. त्याने ती बाटली अंगणापलीकडे भिरकावून दिली. "अकरा वर्सं, बाई! अकरा वर्सं!" तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो तरातरा बागेकडे निघून गेला. बायकोकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. माफी मागणं तर लांबच.

भारत बॅग हातात धरून तसाच उभा. काय करायचं त्याला कळेना. मालनने त्याच्या हातातून बॅग काढून घेतली.

"तू जा आता," ती त्याला म्हणाली. चार दिवसांतलं हे तिचं पहिलं बोलणं असावं, कारण तो दचकला. "आयला सांग, न्हाई आली म्हणून. आनि जाताना ह्यांना तासगावच्या स्टँडवर सोड. जरा थांब बाहेर."

तो मोटरसायकलपाशी गेला. ती बॅग आत ठेवून तांब्याभर पाणी घेऊन आली. मी प्यायले. तांब्या परत घेताना ती म्हणाली, "मी वाचलं हुतं."

मला आधी कळलंच नाही.

"पैली बाटली वाचली हुती. जोमची. सगळं वाचलं. तुमचं ते बारीक अक्षर बी वाचलं, किती पाण्याला किती ते. एका टाकीला दोन बाटल्या लागत्यात. ती वतली आनि दुसरी घेतली. ती तशीच दिसली. मग परत काय वाचायचं?"

"मग हे त्यांना का नाही सांगितलंत?"

"सांगून? ते म्हनलं असतं, पैली वाचलीस मग दुसरी का न्हाई वाचलीस. त्याला माझ्याकडं काय उत्तर हुतं?" ती माझ्याकडे बघून बोलत होती, पण रागाने नाही. रागाने बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. "तुमच्याकडं हाय उत्तर?"

मी रडायला लागले. लाज वाटली तरी थांबवता आलं नाही. तिने मला रडू दिलं. समजूत काढली नाही, पाठीवर हात फिरवला नाही. तांब्या विसळून पालथा घातला आणि आत गेली. आली ती हातात तीन बाटल्या घेऊन. तिन्ही पांढऱ्या, तिन्हीवर माझं पान.

"ह्या ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "ह्यातल्या दोन गवताच्या हायत. दुकानदार परत घीपातूर घरातच ऱ्हानार. सासूबाई बी हात घालत्यात फवारणीत, आनि त्यास्नी वाचायला येत न्हाई. तुमी चित्रं काढता न्हवं? मग काय तरी काढून द्या ह्यावर."

पर्समध्ये काळा जाड मार्कर होता, आमच्या धंद्यात तो असतोच. मी दोन्ही निर्मूल वेगळ्या केल्या. नावं तीनदा वाचली. मग एक बाटली मांडीवर घेऊन, सवयीने, नाव आणि पान दोन्ही मोकळं सोडून, वरच्या कोपऱ्यात एक नीट फुली काढली. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या आल्या.

मालनने बाटली कट्ट्यावर ठेवली, दहा पावलं मागे गेली आणि डोळे बारीक करून बघितलं.

"मोठी काढा ताई," ती म्हणाली. "हितनं दिसंना झालीय."

मी बाटली पुन्हा मांडीवर घेतली आणि माझ्या त्या हिरव्या पानावरूनच, या टोकापासून त्या टोकापर्यंत मार्कर ओढला.